बिनतारी टेलिफोन : एका अदमासाची किंमत

व्यापारांत चुकलेल्या अदमासाची किंमत कधींतरी मोजावीच लागते. परंतु स्वतःच्या घरीं जन्मलेली कल्पना अब्जावधि डॉलर्स देऊन परत विकत घेण्याची पाळी क्वचितच कोणावर येते. अमेरिकेंतील मॅकॉ सेल्युलर या कंपनीचा उदय आणि अस्त हा अशाच एका व्यवहाराचा इतिहास आहे.

मोटारींतून बोलण्याजोगा बिनतारी टेलिफोन जुनाच होता. परंतु साऱ्या शहराला एकच उंच मनोरा असल्यामुळें एका वेळीं मोजक्याच लोकांना बोलतां येई. शहराचे लहान लहान विभाग, म्हणजेच ‘सेल’, पाडावे, प्रत्येकांत अल्प शक्तीचा मनोरा उभारावा, आणि एका विभागांतील लहरी दूरच्या दुसऱ्या विभागांत पुन्हां वापराव्या, ही युक्ति १९४७ सालीं सुचली ती एटी अँड टी या बलाढ्य टेलिफोन कंपनीच्याच बेल प्रयोगशाळेंत.

पण १९८० च्या सुमारास याच कंपनीला सल्लागारांनीं सांगितलें, कीं सन २००० पर्यंत असे टेलिफोन सुमारें नऊ लाख लोक घेतील. प्रत्यक्षांत अमेरिकेंत ती संख्या दहा कोटींवर गेली. १९८४ सालीं मक्तेदारीविरुद्धच्या खटल्यांतील तडजोडीनें कंपनीची वांटणी झाली, तेव्हां हा व्यवसाय प्रादेशिक कंपन्यांच्या वांट्यास गेला, आणि मूळ कंपनीनें त्याची फारशी खंत केली नाहीं.

सरकारनें प्रत्येक शहरांत दोन परवाने ठेविले होते. एक स्थानिक टेलिफोन कंपनीस, दुसरा बाहेरच्यास. या दुसऱ्या परवान्यावर क्रेग मॅकॉ यांची नजर गेली. १९६९ मध्यें वडील वारले, तेव्हां कर्जापुढें इस्टेट टिकली नाहीं. मुलांच्या हातीं राहिला तो वॉशिंग्टन राज्यांतील सेंट्रेलिया गांवचा लहानसा केबल दूरचित्रवाणीचा धंदा. टेलिफोन जागेला नव्हे, तर माणसाला जोडलेला असावा, अशी मॅकॉ यांची धारणा होती. पुढें परवाने सोडतीनें वांटले जाऊं लागले. ज्यांना या धंद्याचा गंधही नव्हता अशांना ते लागले, आणि मॅकॉ ते विकत घेत गेले. १९८७ सालीं त्यांनीं केबलचा धंदा सुमारें ७५ कोटि डॉलर्सना विकला. १९९० सालीं सुमारें ३४० कोटि डॉलर्स देऊन लिन ब्रॉडकास्टिंग कंपनीचा मोठा हिस्सा घेतला, व न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस यांसारखीं शहरें हातीं आलीं. कंपनी देशांत अग्रेसर ठरली. पण तिचा पाया कर्जाचा होता.

मॅकॉ यांना सधन आधार हवा होता, तर एटी अँड टीला हातचें गेलेलें क्षेत्र. १९९४ सालीं सुमारें १,१५० कोटि डॉलर्सना मॅकॉ कंपनी तिच्यांत विलीन झाली. ती शाखाही २००१ सालीं वेगळी निघाली, आणि २००४ सालीं ४,१०० कोटि डॉलर्सना सिंग्युलर कंपनीनें घेतली. सिंग्युलरच्या मालक कंपन्या १९८४ च्या वांटणींतूनच जन्मलेल्या होत्या!

सल्लागारांची बेरीज चुकली नव्हती. चुकलें तें गृहीत. १९८० चें यंत्र जड आणि महाग होतें. तें तसेंच राहील असें धरून त्यांनीं गिऱ्हाइकें मोजलीं. मॅकॉ यांनीं मोजलीं तीं घराबाहेर पडणारीं माणसें.