नव्या चालकाचा विमा : स्वस्त कोणता आणि महाग कोणता?



नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. डेअरीला दूध घालायचे असो, मोंढ्यात भाव पाहायला जायचे असो, की तालुक्याच्या कॉलेजला जायचे असो, ती लागतेच. सोयाबीनला एखाद्या वर्षी बरे पैसे आले, की जुनी का होईना, एखादी चारचाकीही दारात येते. घरातला अठरा-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी ती चालवू लागते, आणि मग विम्याचा प्रश्न निघतो.

"सर, सगळ्यात स्वस्त विमा कोणता?" असे विद्यार्थी विचारतात. त्यांचे वडील विचारतात, "पोलिसानं धरू नये एवढ्यापुरता कागद कितीला बसतो?" हे दोन्ही प्रश्न पैशाचे आहेत, आणि शेतकऱ्याच्या घरी पैशाचा प्रश्न कधीच लहान नसतो. तेव्हा त्याचे उत्तर नीट, आकड्यांनिशी दिले पाहिजे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला भाग दुसऱ्यासाठी. आपल्या गाडीने कुणाला इजा झाली, कुणी दगावले, तर त्याची भरपाई या भागातून होते. याला लोक 'थर्ड पार्टी' म्हणतात. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीसाठी. गाडी आपटली, जळाली, पुरात वाहिली किंवा चोरीस गेली, तर त्याची भरपाई या भागातून मिळते. दोन्ही भाग एकत्र घेतले की त्याला आपण 'फुल विमा' म्हणतो. यांतला पहिला भाग कायद्याने सक्तीचा आहे. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात ही अट होती, आणि आजच्या 1988 च्या कायद्यातही आहे. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली, तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या वेळी 2000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड 4000 रुपये.

आता तरुण चालकाच्या दृष्टीने एक चांगली गोष्ट सांगतो. ब्रिटनसारख्या देशात विम्याची किंमत मुख्यतः चालकाच्या वयावर ठरते. तिथे अठरा वर्षांच्या नवशिक्या मुलाला त्याच्या वडिलांपेक्षा कितीतरी पट हप्ता द्यावा लागतो. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते, आणि तो गाडीच्या इंजिनावर ठरतो, चालवणाऱ्याच्या वयावर नाही. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे 75 ते 150 सी.सी.च्या मोटारसायकलला वर्षाला 714 रुपये, 150 ते 350 सी.सी.ला 1366 रुपये, आणि त्यापुढच्या इंजिनाला 2804 रुपये. खाजगी मोटारीला 1000 सी.सी.पर्यंत 2094 रुपये, 1500 सी.सी.पर्यंत 3416 रुपये, आणि त्याहून मोठ्या इंजिनाला 7897 रुपये. यावर कर निराळा. हा दर सगळ्या कंपन्यांचा सारखाच असतो. म्हणून 'थर्ड पार्टी निम्म्या पैशात काढून देतो' असे कुणी म्हणाला, तर तो सवलत देत नसून बनावट कागद देत आहे, असे समजावे.

साध्या मोटारसायकलचे 714 रुपये कर धरूनही दिवसाला अडीच रुपयांच्या आत बसतात. एका चहाचेही पैसे नव्हेत. एवढ्या पैशात आपण काय विकत घेतो, ते आता पाहू.

समजा, अहमदपूरकडून लोह्याकडे येताना एका तरुणाच्या मोटारसायकलने रस्त्याने चालणाऱ्या एका माणसाला धडक दिली आणि तो दगावला. त्याचे वय 32, स्वतःच्या धंद्यातली कमाई महिना 10,000 रुपये, मागे बायको, दोन मुले आणि आई. सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 साली घालून दिलेल्या रीतीने भरपाईचा हिशेब असा होतो. पुढे कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के मिळवायचे : 14,000. तो स्वतःवर जे खर्च करता, तो चौथा हिस्सा वजा करायचा : 10,500. वर्षाचे झाले 1,26,000. या वयाला 16 ने गुणायचे : 20,16,000 रुपये. अंत्यविधी आणि इतर बाबींची रक्कम याशिवाय.

विमा असेल, तर हे वीस लाख कंपनी देते. विमा नसेल, तर चालकाने आणि गाडीच्या मालकाने द्यायचे. आणि मालक म्हणजे पुष्कळदा मुलाचे वडील. ही रक्कम भरली नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 174 प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवू शकते, आणि मग ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. सात-बारा ज्याच्या नावावर आहे, त्याला याचा अर्थ फोड करून सांगायला नको. मेलेल्या माणसाच्या बाजूनेही पाहा. त्याच्या विधवेला न्याय मिळाला, तरी विमा नसलेल्या गरीब मालकाकडून पैसे निघणार कोठून? विमा नसला म्हणजे दोन घरे एकदम बुडतात.

तेव्हा बचत करायची ती कोठे? पहिल्या भागात नाही. तिथे तर दर ठरलेलाच आहे. बचत करायला जागा आहे ती गाडीच्या निवडीत आणि दुसऱ्या भागात.

गाडी निवडतानाच विम्याचा विचार करावा. बुलेटसारख्या 350 सी.सी.च्या गाडीचा सक्तीचा हप्ता साध्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि तो दरसाल भरायचा आहे. मोटार 1000 सी.सी.च्या आतली घेतली, तर वर्षाला 1322 रुपये वाचतात. नवशिक्याला लहान इंजिन आवरायलाही सोपे जाते, हा फायदा वेगळाच.

दुसऱ्या भागाचे दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना 2007 पासून मिळाली आहे. म्हणून इथे चौकशी केल्याने खरोखरच पैसे वाचतात. शोरूमवाला जो विमा पुढे करतो तोच घेतला पाहिजे, असे बंधन नाही. दोन-तीन कंपन्यांकडून दर लिहून घ्यावेत, मात्र गाडीची धरलेली किंमत सगळीकडे सारखी आहे ना, हे पाहावे. किंमत कमी धरली की हप्ता कमी दिसतो, पण गाडी चोरीस गेल्यावर पैसेही तेवढेच कमी मिळतात. आपल्या भागाला एक सवलत आपोआप आहे. जुन्या दरपत्रकाने मुंबई-पुण्यासह आठ मोठी शहरे एका विभागात टाकली आणि उरलेला देश दुसऱ्या विभागात. या दुसऱ्या विभागाचा दर कमी. नांदेडची एमएच 26 आणि लातूरची एमएच 24 ही पाटी त्यातच येते.

तिसरी गोष्ट 'नो क्लेम बोनस' ही. वर्षभरात स्वतःच्या गाडीसाठी काही मागितले नाही, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या भागाच्या हप्त्यात 20 टक्के सूट मिळते. पुढे ती 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के होते. तरुणाने हा बोनस बियाण्यासारखा जपावा. समजा, दुसऱ्या भागाचा मूळ हप्ता 4000 रुपये आहे आणि बोनस 45 टक्क्यांवर आला आहे. मोटारीचा बंपर मोडला, खर्च 1500. लहान मोटारीला पहिले 1000 रुपये आपणच सोसायचे असतात. म्हणजे कंपनीकडून मिळणार 500. पण बोनस गेला, आणि पुढच्या वर्षी 2000 च्या ठिकाणी 4000 भरावे लागले. पाचशे मिळविण्यासाठी दोन हजार घालविले! लहान दुरुस्ती आपल्या खिशातून करावी, मोठ्या नुकसानीला विमा राखून ठेवावा. आणखी एक, मुदत संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर हा सगळा बोनस वाया जातो.

गाडी अगदी जुनी असेल आणि मोडीच्या भावात आली असेल, तर दुसरा भाग सोडून दिला तरी चालेल. तो ज्याच्या-त्याच्या हिशेबाचा प्रश्न आहे. मोटार महिन्यातून चार वेळाच बाहेर निघत असेल, तर 'जितकी चालवाल तितका हप्ता' अशा प्रकाराची सोय 2022 पासून कंपन्यांना देता येते. तिचीही चौकशी करावी.

आता विमा असूनही तो कामास येत नाही, असे प्रसंग सांगतो. स्वस्तातला विमा महाग पडतो तो इथे.

पहिला प्रसंग परवान्याचा. चालविणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचा परवाना नसेल, तर आपल्या गाडीची भरपाई मिळत नाही. दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई न्यायालय कंपनीला आधी द्यायला लावू शकते, पण ती पुढे मालकाकडून वसूल करण्याची मुभाही कंपनीला देते. म्हणजे फिरून तोच सात-बारा. शिकाऊ परवाना असेल, तर 'एल' ची पाटी लावावी आणि मोटार चालविताना शेजारी परवानाधारक शिकविणारा असावा. शिकाऊ माणसाने मोटारसायकलवर मागे मित्राला बसवू नये. आणि अठरा वर्षांच्या आतल्या पोराच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तर 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

दुसरा प्रसंग जुन्या गाडीचा. नव्या मोटारसायकलचा थर्ड पार्टी विमा 1 सप्टेंबर 2018 पासून एकदम पाच वर्षांचा आणि मोटारीचा तीन वर्षांचा काढावा लागतो. पाच वर्षे कुणाला आठवण ठेवावी लागत नाही, म्हणून सहाव्या वर्षी कुणालाच आठवत नाही. बाजारात विकायला येणाऱ्या कितीतरी गाड्या याच वयाच्या असतात. पैसे देण्याआधी विम्याची तारीख पाहावी. गाडी घेतल्यावर 14 दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवावे. थर्ड पार्टीचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग नाव बदलल्याशिवाय आपला होत नाही. विकणाऱ्याचा बोनसही गाडीबरोबर येत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे.

तिसरा प्रसंग मागे बसणाऱ्याचा. मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस केवळ थर्ड पार्टीच्या विम्यात येत नाही, असा न्यायालयाचा निर्णय आहे. फुल विम्यात तो येतो. आईला दवाखान्यात आणि बहिणीला परीक्षेला मागे बसवून नेणाऱ्या मुलाने फुल विम्याचे जास्तीचे पैसे याही दृष्टीने मोजून पाहावेत.

चौथा प्रसंग मालकाचा. मालक-चालकासाठी 15 लाखांचा अपघात विमा असतो. पण तो नोंदणीच्या कागदावर ज्याचे नाव आहे आणि ज्याच्याकडे परवाना आहे, त्याच्यापुरता. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालविणार मुलगा, तर मुलाला तो मिळत नाही. म्हणून जो चालविणार, त्याच्याच नावावर गाडी घ्यावी, हे उत्तम.

पाचवा प्रसंग भाड्याचा. खाजगी मोटारीत काळी-पिवळीसारखी माणसे भरून भाडे घेतले, की विम्याची अट मोडली. लग्नाचे वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नेणे हेही असेच धोक्याचे.

विमा काढताना हप्ता कंपनीच्याच नावे भरावा आणि पावती घ्यावी. हप्ता पोचल्याखेरीज जोखीम सुरू होत नाही. विमा खरा आहे की नाही, हे परिवहन खात्याच्या एम-परिवहन या ॲपवर गाडीचा नंबर घालून पाहता येते. तालुक्याच्या गावी कुणीही शिकलेला मुलगा हे दोन मिनिटांत करून देईल. कंपनीने दावा अडवला, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो, त्याला फी नाही. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. आठवी-नववीच्या गणितात शेकडेवारी आपण शिकवतोच. कधी एखाद्या तासाला बोनसचा हिशेब फळ्यावर मांडावा, कधी 714 रुपये आणि 20 लाख रुपये हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. मुले घरी जाऊन विचारतील, "बाबा, आपल्या गाडीचा विमा कधी संपतो?" कपाटातला कागद त्या संध्याकाळी बाहेर निघाला आणि तारीख पाहिली गेली, तर तो तास कारणी लागला असे समजावे.