माश्या ओळखणारी माणसं

गेल्या महिन्यात आमच्या संस्थेत एक ईमेल फिरला. माश्यांचे तज्ज्ञ निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. त्यांची जागा आता भरायची नाही, असं वरच्या मंडळींनी ठरवलं. त्यांच्या खोलीत कीटकांचे आपोआप फोटो काढणारं यंत्र बसणार आहे. पत्राचा सूर इतका आनंदी होता की जणू कुणाच्या घरी बारसंच आहे.

मी शिकले कोल्हापुरात, पोट भरते कॅनडात. कॅनडाच्या उत्तर भागातून बाटल्यांमधून येणारे किडे निवडायचे, टाचणीला लावायचे, त्यांची ओळख पटवायची, हे माझं काम. गणेशोत्सवात भेटणारी मराठी मंडळी हमखास विचारतात, "काय, अजून माश्याच मारताय का?" हो, मारते. आधी मारते आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या तंगड्यांवरचे राठ केस मोजते. उत्तरेत कोण कुणाला खातं, कोण कुणाचं परागीभवन करतं याबद्दल जगाला जे काही ठाऊक आहे, ते शेवटी या असल्या मोजणीवर उभं आहे. ईमेल वाचून चिडले आणि मागची वर्षं चाळायला बसले.

जुना इतिहास मी भरभर उरकते, कारण तो मला कायम कंटाळवाणा वाटत आला आहे. ओटो फाब्रिसियस या मिशनऱ्याने १७८० मध्ये ग्रीनलंडच्या प्राण्यांचा ग्रंथ छापला, त्यात कीटकही होते. १९१३ ते १९१८ या काळात कॅनडाच्या आर्क्टिक मोहिमेत फ्रिट्स योहानसेन किडे गोळा करत हिंडला. मग दुसरं महायुद्ध संपलं, शीतयुद्ध सुरू झालं, उत्तरेत सैनिक गेले आणि त्यांना डास नि काळ्या माश्या फोडून खाऊ लागल्या. १९४७ ते १९६२ या काळात शेतकी खातं आणि संरक्षण खातं यांनी मिळून उत्तरेचं कीटक-सर्वेक्षण केलं ते यामुळे. जैवविविधतेचं प्रेम वगैरे काही नव्हतं, सैनिकांची खाज होती. पण त्या खाजेच्या पैशावर ज्यांनी काम केलं त्यांनी डासांबरोबर बाकीचंही सगळं उचललं, आणि ते ओटावाच्या राष्ट्रीय कीटकसंग्रहात आजही नीट लावून ठेवलेलं आहे. तिथे एकूण सुमारे पावणेदोन कोटी नमुने आहेत.

पुढच्या चार दशकांतल्या दोनच गोष्टी सांगते. १९७५ मध्ये पीटर केव्हन यांनी दाखवून दिलं की अतिउत्तरेतली वाटीसारखी फुलं सूर्याबरोबर तोंड फिरवतात आणि आतला भाग बाहेरच्या हवेपेक्षा गरम ठेवतात; किडे तिथे ऊब घ्यायला येऊन बसतात. दुसरी गोष्ट आर्क्टिकमधल्या केसाळ सुरवंटाची. दर हिवाळ्यात गोठून, दर उन्हाळ्यात थोडंसं खाऊन त्याला पतंग व्हायला चौदा वर्षं लागतात असं १९८० च्या दशकात मानलं जायचं. १९९८ मध्ये दोघांनी त्याच्या वाढीच्या अवस्था पुन्हा नीट मोजल्या, तेव्हा ती वर्षं सातच भरली. चौदा वर्षांचा आकडा मात्र अजूनही माहितीपटांतून सुखाने नांदतो आहे.

आता मी जगले ते दशक, साधारण २००८ ते २०१८.

मॅकगिल आणि टोरांटोच्या काही संशोधकांनी २०१० मध्ये एक साधी, सुंदर गोष्ट करायला घेतली. सैनिकांच्या काळातल्या सर्वेक्षणात जी ठिकाणं होती, त्यांतल्याच काहींवर परत जायचं, तसेच सापळे लावायचे आणि साठ वर्षांत काय बदललं ते पाहायचं. ख्रिस बडल कोळ्यांचे, टेरी व्हीलर माश्यांचे, डग करी काळ्या माश्यांचे. मूस्नीपासून हेझन तळ्यापर्यंत बारा ठिकाणं. आमच्या टेबलावरही त्याच काळात उत्तरेचे नमुने लोटू लागले आणि मला काही उन्हाळे चर्चिलला जाता आलं.

चर्चिल हडसन उपसागराच्या काठी आहे. विनिपेगहून आगगाडीने सतराशे किलोमीटर, सुमारे दोन दिवस. जंगल विरळ होत होत जिथे संपतं आणि टुंड्रा सुरू होतो, नेमकी ती जागा. पांढरी अस्वलं फिरतात म्हणून आम्ही दलदलीत वाकून सापळे उपसत असताना एकजण बंदूक घेऊन पहाऱ्याला उभा असायचा. तोंडावर जाळी, हातमोज्यांच्या कडेला चिकटपट्टी, तरीही डास आत. तंबूसारखा मलेज सापळा उभा करायचा, जमिनीत वाट्या पुरायच्या, पिवळ्या थाळ्यांत पाणी भरून ठेवायचं. आठवड्याने ते सगळं अल्कोहोलच्या बाटलीत. अस्वलं बघायला आलेले पर्यटक आमच्याकडे दयेने पाहत. निधी देणारेही जवळपास तसेच पाहत.

तेव्हा डीएनए बारकोडचा जोर होता. २००३ मध्ये ग्वेल्फच्या पॉल हेबर्ट यांनी कल्पना मांडली की एका ठरावीक जनुकाचा छोटा तुकडा वाचला की प्रजाती ओळखता येईल. ही पद्धत पारखायला चर्चिल सोयीचं होतं. गावाबाहेरच्या केंद्रात राहायची सोय होती आणि प्रजातींची संख्या आवाक्यातली वाटत होती. आवाक्यातली, असं आम्हाला वाटत होतं. २०१६ मध्ये कॅनडाभरातल्या दहा लाखांवर नमुन्यांचा हिशेब आला. देशात चोपन्न हजारांच्या आसपास कीटक-प्रजाती असाव्यात असा आधीचा अंदाज होता, तो चौऱ्याण्णव हजारांवर गेला. त्यांतल्या सोळा हजार एकट्या गाठमाश्यांच्या कुळात असाव्यात. म्हणजे चिलटाएवढ्या, कुणी ढुंकून न पाहिलेल्या माश्या.

हे काम मोठं आहे, यात शंका नाही. माझं भांडण त्याच्याशी नाही, त्याच्या भाटांशी आहे. त्या वर्षांत प्रत्येक परिषदेत कुणीतरी उठून सांगायचं की आता वर्गीकरण जाणणाऱ्या माणसांची गरज संपली. बारकोडच्या ग्रंथालयात प्रत्येक तुकड्याला जे नाव चिकटवलेलं असतं ते पहिल्यांदा कुणी लावलं, हे विचारलं की भाषण थांबून चहाची सुट्टी व्हायची.

आणि बारकोडने खरोखर नवल कुठे घडवलं? जिथे त्याच्या शेजारी माणूस बसलेला होता तिथे. ईशान्य ग्रीनलंडमध्ये ७४ अंश उत्तरेला झाकेनबर्ग हे संशोधन केंद्र आहे. १९९६ पासून तिथे दर उन्हाळ्यात पिवळ्या वाट्या जमिनीत पुरून किडे मोजले जातात. वर्ष बरं असो, वाईट असो, वाट्या भरतात, बाटल्या डेन्मार्कला जातात. तिथल्या माळावरचे कोळी, परजीवी गांधीलमाश्या आणि पक्षी काय खातात हे टोमास रोसलिन आणि हेलेना विर्ता यांच्या गटाने पोटातल्या डीएनएवरून काढलं. पाठ्यपुस्तकं सांगत आली होती की उत्तरेतली अन्नसाखळी सरळ, मोजक्या कड्यांची असते. निघालं उलटंच. जवळजवळ प्रत्येकाचा जवळजवळ प्रत्येकाशी संबंध, आणि एक धागा ओढला की दहा हलतात.

तिथलंच दुसरं काम मला अजून जास्त आवडतं. मिक्को तिउसानेन आणि सहकाऱ्यांनी ड्रायस नावाच्या पांढऱ्या फुलासारखी दिसणारी चिकट खोटी फुलं माळावर मांडली, त्यांना चिकटलेले किडे डीएनएने ओळखले आणि खऱ्या फुलांना बिया किती धरल्या ते मोजलं. बिया बम्बलबीमुळे धरत नव्हत्या, फुलपाखरांमुळेही नाही. घरमाशीच्या कुळातल्या माश्या जिथे जास्त, तिथे बिया जास्त. आणि त्यांतही स्पिलोगोना सँक्टिपौली ही एकच प्रजाती सगळ्यांत महत्त्वाची ठरली. आपल्याकडे परागीभवन म्हटलं की मधमाशीचं चित्र येतं. तिथला संसार एका करड्या माशीच्या जिवावर चालतो.

आता यापुढचं ऐका. झाकेनबर्गच्या बाटल्यांतले किडे वर्षानुवर्षं फक्त कुळापर्यंत मोजलेले होते. एवढ्या माश्या घरमाशीच्या कुळातल्या, तेवढ्या दुसऱ्या, इतकंच. सारा लोबोडा ही विद्यार्थिनी मॅकगिलमध्ये माश्या ओळखायला शिकलेली होती. तिने त्या जुन्या बाटल्या उघडून घरमाशीच्या कुळातला एकेक नमुना प्रजातीपर्यंत नेला. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आला: १९९६ ते २०१४ या काळात या माश्यांची संख्या ८० टक्क्यांनी घटली, आणि सगळ्या प्रजातींची घट सारखी नव्हती. दिवसेंदिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी एक व्यक्ती होती म्हणून हे कळलं.

पण त्या दशकाच्या शेवटी लोकांच्या तोंडी झालं ते वेगळंच. २०१७ मध्ये जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हौशी कीटकप्रेमींची आकडेवारी प्रसिद्ध झाली: संरक्षित भागांत उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन २७ वर्षांत तीन चतुर्थांशाहून अधिक घटलं. ती मंडळी थोर होती, बाटल्या जपून ठेवणारी. मथळेवाल्यांनी मात्र त्यातून वजन तेवढं उचललं. तेव्हापासून जो तो किडे तोलायला निघाला. आमच्याकडेही एका बैठकीत एका साहेबांनी मला विचारलं, "प्रजाती कशाला? ग्रॅममध्ये सांगा ना." त्यांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देते.

वजनात हे दिसत नाही: फिनिश लॅपलंडच्या कित्तिला गावात १८९५ ते १९०० या काळात फ्रान्स सिलेन नावाच्या वनाधिकाऱ्याने कोणत्या फुलावर कोणता किडा बसतो ते लिहून ठेवलं. २०१८ आणि २०१९ मध्ये संशोधक त्याच गावात परत गेले. फुलं आहेत, किडेही आहेत, पण जुन्या जोड्यांपैकी फक्त ७ टक्के टिकलेल्या. पतंग आणि फुलांवर घिरट्या घालणाऱ्या सिरफिड माश्या मागे हटल्या, घरमाशी आणि तिच्या जवळच्या कुळांतल्या माश्या पुढे सरकल्या. म्हणजे जे कूळ ग्रीनलंडच्या त्या माळावर ओसरतंय त्याचाच गोतावळा लॅपलंडमध्ये वाढतोय. तराजूला यातलं काय कळणार?

वजनाच्या घाईत हेही विसरलं जातं की उत्तर एका सुरात बोलत नाही. फिनलंडच्याच पूर्व लॅपलंडमध्ये, वॅरियो इथे १९७८ पासून दिव्याच्या सापळ्यांत पतंग धरले जातात. तिथल्या ८० प्रजातींच्या ३२ वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ९० टक्के प्रजाती स्थिर किंवा वाढत्या निघाल्या. झाकेनबर्गमध्येही २००७ साली गाजलं की पहिल्या दहा वर्षांत वसंत सरासरी साडेचौदा दिवसांनी अलीकडे आला. मोजणी चालू राहिली. २०१८ मध्ये बर्फ इतका उशिरापर्यंत राहिला की वनस्पतींपासून पक्ष्यांपर्यंत फारसं कुणाचंच पुनरुत्पादन झालं नाही. आणि २०२३ मध्ये पंचवीस वर्षांचा हिशेब आला तेव्हा तो सरळ चढ नाहीसा झाला होता. वर्षावर्षांतले हेलकावेच मोठे. दहाव्या वर्षी संशोधक वाट्या उपसून घरी गेले असते, तर आपण आजही त्या साडेचौदा दिवसांचीच पोथी वाचत बसलो असतो.

क्रेफेल्डची आकडेवारी गाजली त्याच २०१७ साली टेरी व्हीलर गेले. माश्यांवर प्रेम करणारा, विद्यार्थ्यांना चिखलात उतरवणारा माणूस. त्याच वर्षी मे महिन्यात पुराने चर्चिलची रेल्वे वाहून गेली आणि पुढचं जवळजवळ दीड वर्ष गाडी आली नाही. तरुण मंडळी पांगली: कुणी डेटा सायन्समध्ये, कुणी विमा कंपनीत. माश्या ओळखणाऱ्या माणसाला घडायला दहा वर्षं लागतात, त्याची नेमणूक मात्र अठरा महिन्यांची. हे गणित कुणालाच सोडवता आलं नाही. खरं तर कुणी सोडवायला घेतलंच नाही.

आता कॅमेरे आणि शिकणारी यंत्रं. झाकेनबर्गच्या नोंदींवर वर्षानुवर्षं काम केलेले टोके होय हेच आज या बदलाचे पुरस्कर्ते आहेत, त्यामुळे मी त्याला थोतांड म्हणणार नाही. दिवसभर फुलासमोर बसून कोण कधी आलं ते टिपणारा कॅमेरा मला मनापासून हवा आहे. पण स्पिलोगोनाच्या दोन बहिणी वेगळ्या ओळखायच्या तर पायाचे केस आणि नराची जननेंद्रियं पाहावी लागतात. वरून काढलेल्या फोटोत त्या दोघी म्हणजे एक करडा ठिपका. आणि यंत्राला शिकवायला जे नाव लावलेले फोटो लागतात, त्यांवरची नावं त्या खोलीतल्या, निवृत्त झालेल्या माणसानेच लावलेली आहेत. पुढची कोण लावणार?

यंत्र आणा, जागा आहे. पण तज्ज्ञाची खुर्ची काढून त्या जागी ते ठेवू नका, शेजारी ठेवा. ते परवडत नसेल, तर उत्तरेत सापळे लावणंही बंद करा. आपल्याच बाटल्यांत काय आहे हे सांगणारं माणूस ठेवायचं नसेल, तर त्या भरण्याचा खर्च तरी कशाला?