आदामाचे शरीर, आदामाचा आत्मा

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात चारठाणा हे जे गाव आहे, त्याची ख्याती तेथील प्राचीन मंदिरांमुळे आणि कोरीव पाषाणस्तंभामुळे. परंतु ज्या काळ्या कातळातून ही शिल्पे घडली, तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या रूपाने दख्खनच्या पठारावर पसरला, तेव्हा पृथ्वीवर मनुष्य नव्हता. मनुष्य आणि चिंपांझी यांच्या वंशशाखा विभक्त झाल्या त्या साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी, आणि आपली जात उदयास येऊन जेमतेम तीन लाख वर्षे झाली. चारठाणा ज्या गोदावरीच्या खोऱ्यात आहे, त्याच खोऱ्यात प्रवरेच्या काठी नेवाशाला ह. धी. सांकलिया यांनी अश्मयुगीन हत्यारे उजेडात आणली. पुढे 1982 मध्ये नर्मदाकाठच्या हथनोरा येथे जी कवटी सापडली, तिची ठेवण आजच्या माणसाच्या कवटीहून निराळी होती. तो प्राणी मनुष्य होता काय, आणि असल्यास त्याला अमर आत्मा होता काय, हा प्रश्न ख्रिस्ती श्रद्धावंताला टाळता येत नाही.

त्याच्या हिंदू शेजाऱ्याला हीच अडचण तितकी जाणवत नाही, कारण अनादि आत्मा नाना योनींतून फिरत मनुष्यदेहाला येतो, या कल्पनेत प्राणी आणि मनुष्य यांच्यामधला बांध मुळातच सैल आहे. काशीत वाढलेले मराठी पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे 1848 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले आणि त्यांनी षड्दर्शनांचे खंडन केले, तेव्हा वादाचा एक मुख्य मुद्दा हाच होता: आत्मा ईश्वरासारखा अनादि नसून ईश्वराने निर्मिलेला आहे. चारठाण्याच्या शेजारच्या जालना भागात निजामी अमलात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली, तेथील प्रार्थनेतला आत्माही असाच प्रत्येक माणसागणिक नवा होता. प्रत्येक आत्मा नवा असेल, तर मनुष्यजातीतही पहिला आत्मा कधीतरी निर्माण झाला असला पाहिजे, आणि उत्क्रांती तर असा एखादा ठरावीक दिवस दाखवीत नाही.

रोमच्या धर्मपीठाने या बाबतीत जो निवाडा दिला, तो सावध असला तरी उदार आहे. 12 ऑगस्ट 1950 रोजी बारावे पायस यांनी ‘हुमानी जेनेरिस’ या परिपत्रकाद्वारे, मनुष्याचे शरीर पूर्वीच्या सजीव द्रव्यातून उत्पन्न झाले काय, याचा शोध घेण्यास विद्वानांना मोकळीक दिली; मात्र आत्मा साक्षात ईश्वर निर्माण करतो, हे मत कायम ठेवले. 1996 मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही केवळ एक तर्कपरिकल्पना राहिलेली नाही, असे स्पष्टपणे मान्य केले. प्रॉटेस्टंट पंथांत असा एकमुखी निर्णय नाही. कोणी उत्क्रांती स्वीकारतात, तर कोणी बायबलमधील ‘उत्पत्ती’ या ग्रंथातल्या सहा दिवसांचा शब्दशः अर्थ धरून राहतात. तथापि त्या ग्रंथातही देव मनुष्याला शून्यातून नव्हे, मातीतून घडवतो आणि मग त्यात श्वास फुंकतो. 1616 मध्ये गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांनी छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या ओव्यांतून ही कथा मराठी कानांवर पडली. त्या मातीचा प्रवास कोट्यवधी वर्षांचा होता असे मानल्याने श्रद्धेला बाध येतो, असे मला वाटत नाही.

मात्र शरीर विज्ञानाचे आणि आत्मा धर्माचा, अशी जमिनीच्या हिश्शांसारखी वाटणी करून काही लोक समाधान मानतात, ते मला पटत नाही. तयार झालेल्या वानरदेहात एके दिवशी बाहेरून आत्मा ठेवला, असे चित्र त्यातून उभे राहते. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस याने अॅरिस्टॉटलच्या आधाराने आत्म्याला देहाचे ‘रूप’ म्हटले: चारठाण्याच्या स्तंभाचे स्तंभपण ही जशी दगडात मागाहून घातलेली दुसरी वस्तू नसून त्या दगडाला तो जे आहे ते करणारी गोष्ट आहे, त्याप्रमाणे आत्मा हा देहाला मानवी देह करणारे तत्त्व. पण हे रूप सत्य जाणते, विचारपूर्वक निवड करते, आणि ही शक्ती कोणत्याही इंद्रियाची मिंधी नसल्यामुळे देहाबरोबर नष्ट होत नाही, अशी त्याची पुढची पायरी आहे. या विचारात देहाचा दीर्घ विकास हा आत्म्याचा प्रतिस्पर्धी उरत नाही. मेंदू पुरेसा घडल्याखेरीज ते रूप धारण करण्यास द्रव्यच योग्य होत नाही, असेच म्हणावे लागते.

खरी अवघड जागा पुढेच आहे. सर्व माणसे एका आदामापासून झाली आणि त्याच्याकडून मूळ पाप वारशाने आले, हे 1950 च्या पत्राने सोडलेले नव्हते. उलट अनेक आद्य पूर्वजांची कल्पना या शिकवणीशी कशी जुळेल हे दिसत नाही, असे त्यात म्हटले होते. आज अनुवंशशास्त्र सांगते की आपल्या पूर्वजांचा समुदाय हजारोंचा होता, दोघांवर कधीच आला नव्हता, आणि आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या वंशद्रव्यात निअँडरथल मानवाचाही एक-दोन टक्के अंश आहे. काही धर्मशास्त्री म्हणतात की त्या हजारोंतून ईश्वराने प्रथम दोघांनाच आत्मा दिला आणि त्यांची संतती पुढे सर्वांत मिसळली. इतर म्हणतात की आदाम म्हणजे देवाला प्रथम ओळखून प्रथम नाकारणारी अवघी मानवजात. पहिल्या मतात वंशावळ सांभाळली जाते, पण आत्मा असलेले आणि नसलेले लोक एका चुलीपाशी बसून संसार करीत होते, असे मानावे लागते, आणि ते माझ्या विवेकाला पेलत नाही. म्हणून पापाच्या वारशाचा अर्थ नव्याने मांडण्याचे ओझे पत्करूनही, दुसऱ्या मताकडे माझा कौल आहे.