मोटारीची पारख : योग्यता-तपासणींत काय पाहतात ?

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार आमच्या वाचकांस नवा नाहीं. तेथें बैल घ्यावयास आलेला शेतकरी प्रथम जबडा उघडून दांत पाहतो, मग खांद्यावरून हात फिरवितो, खूर उचलून बघतो, दहा-वीस पावलें चालवून जनावर पाय ओढतें कीं काय हें न्याहाळतो. आणि एवढें झाल्यावरच रुमालाखालीं बोटें धरून भावाची भाषा सुरू होते. शिंगांस रंग दिला म्हणून तो फसत नाहीं. हाच गृहस्थ बैलाच्या कित्येक पट किंमतीची मोटार किंवा ट्रॅक्टर दारांत आणतो, तेव्हां मात्र रंग पाहतो, बैठक पाहतो, फार तर इंजिनाचा आवाज ऐकतो. गाडी चालते कशी हें सर्वच पाहतात. ती थांबते कशी हें पाहणारे विरळा. सरकारी तपासणींत मात्र सगळा भर या दुसऱ्या प्रश्नावर आहे. म्हणून त्या तपासणींत काय काय बघितलें जातें, आणि त्यांतील किती गोष्टी आपणांस घरच्या अंगणांत बघतां येतील, याची माहिती येथें देत आहों.

बोलतांना आपण जिला ‘पासिंग’ म्हणतों, ती ही योग्यता-तपासणी. माल व उतारू वाहणाऱ्या गाड्यांस योग्यतेचा दाखला घेण्याची अट १९३९ च्या मोटार कायद्यांत होतीच. हल्लींच्या १९८८ च्या कायद्यांत ती ५६ व्या कलमांत आहे. नव्या गाडीचा पहिला दाखला दोन वर्षांचा असतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तो दर दोन वर्षांनीं व त्यानंतर दरवर्षीं नवा करून घ्यावा लागतो. तपासावयाच्या वस्तूंची यादी १९८९ च्या केंद्रीय नियमांतील ६२ व्या नियमांत दिलेली आहे. ब्रेक, स्टेअरिंग, पुढील दिव्यांचा झोत, इतर दिवे, रिफ्लेक्टर, मागचें दाखविणारा आरसा, पुढची कांच, तिच्यावरील वायपर, हॉर्न, सायलेन्सर, वेगदर्शक घड्याळ, धूर, अशी ती यादी आहे. गाडी कितीही झकपक असली तरी रंगास यांत गुण नाहींत.

यांपैकीं ब्रेकाविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे. ताशी ३० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर १३ मीटरांच्या, म्हणजे सुमारें ४३ फुटांच्या आंत थांबली पाहिजे, असें नियमांत माप ठरलेलें आहे. हें माप ऐकून पुष्कळांस तें सोपें वाटतें. परंतु वेग दुप्पट झाला कीं थांबण्याचें अंतर दुप्पट न होतां चौपट होतें. तीच गाडी ताशी ६० किलोमीटरनें धांवत असेल, तर त्याच ब्रेकावर तिला सुमारें ५२ मीटर लागतील. शिवाय पुढें कांहीं आडवें आलें हें ध्यानांत येऊन पाय दाबला जाईपर्यंत एक सेकंद जरी गेला, तरी तेवढ्यांत ती आणखी १६-१७ मीटर पुढें गेलेली असते. हा हिशोब दौंड-नगर रस्त्यावर गाडी हांकणाऱ्या प्रत्येकानें एकदां मनांत करून ठेवावा.

ब्रेकाची खरी चांचणी गाडी उभी ठेवून होत नाहीं. तिला धांव लागते. तपासण्या वरवर उरकल्या जातात, या तक्रारीवरून पुण्याच्या एका नागरिकानें मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली, आणि २०१६-१७ च्या सुमारास त्या न्यायालयानें परिवहन कार्यालयांनीं २५० मीटर लांबीचा चांचणी-मार्ग ठेविलाच पाहिजे असा आग्रह धरला. त्यानंतर २०२१ मध्यें यंत्रांनीं तपासणी करणाऱ्या केंद्रांचे नियम निघाले. अशा केंद्रांत चाकें फिरत्या रुळांवर चढवितात आणि प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर धरतो याचा आंकडा यंत्र वेगवेगळा दाखवितें. यांतली खुबी अशी कीं, डाव्या व उजव्या चाकांच्या जोरांत मोठा फरक असल्यास गाडी थांबतांना एका बाजूस ओढली जाते. जोडींतला एक बैल थांबला आणि दुसरा चालत राहिला म्हणजे गाडीचें जें होतें तेंच हें. घरीं हेंच पाहावयाचें तर मोकळ्या, सपाट जागीं गाडी हळू चालवून ब्रेक दाबावा व ती सरळ थांबते कीं वळते तें बघावें. दाबलेलें पेडल पायाखालीं हळूहळू खालीं बसत असेल तर तेल गळत आहे असें समजून ती गाडी तशीच रस्त्यावर नेऊं नये.

स्टेअरिंग हातांत धरून हलविलें तरी पुढचीं चाकें हलत नाहींत, अशी जी मोकळी फिरकी असते ती ३० अंशांहून अधिक नसावी. घड्याळाच्या तबकडीवर पांच मिनिटांचें जें अंतर तेवढी ही फिरकी होय. टायरांच्या नक्षीची खोली मोटारींस निदान १.६ मिलिमीटर पाहिजे. खांचांमध्यें तेवढ्याच उंचीचे बारीक उंचवटे कारखान्यांतच केलेले असतात, ते वरच्या रबराशीं सपाट झाले कीं टायर संपला. पासिंगच्या दिवसापुरते दुसऱ्याचे चांगले टायर उसने घेऊन चढविणारे व संध्याकाळीं परत करणारे लोक आहेत. शिंगें रंगविणाऱ्या व्यापाऱ्यास नांवें ठेवणाऱ्यानें हें करावें, हें नवल होय. फसतो कोण, तर त्याच गाडींत बसणारीं त्याचींच मुलेंबाळें.

आतां आमच्या टापूचा खरा प्रश्न. घोड व भीमा या नद्यांच्या पाण्यावर येथें ऊंस उभा असतो, आणि गळिताचा हंगाम लागला कीं रात्रंदिवस ट्रॅक्टरांमागें ट्रॉल्या लागून कारखान्यांच्या वजनकाट्याकडे रांगा चालतात. शेतीकामाचा म्हणून नोंदलेला ट्रॅक्टर कायद्यानें वाहतुकीच्या वाहनांत मोडत नाहीं. त्यामुळें वर सांगितलेली वरचेवरची तपासणी त्यास लागत नाहीं. अर्थात् ज्या वाहनावर सर्वांत अवजड ओझें, त्याचीच पारख मालकावर सोंपविलेली आहे. पुष्कळ ट्रॉल्यांस स्वतंत्र ब्रेकच नसतो; सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकावर. उतारावर अशी भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरास मागून रेटते. ट्रॅक्टरास डाव्या-उजव्या चाकांची दोन पेडलें असतात, तीं शेतांत वळण घेण्यास सोईचीं. परंतु रस्त्यावर येतांना दोन्ही पेडलें खिटीनें एकत्र जोडलींच पाहिजेत. तसें न करतां घाईनें एकच पेडल दाबलें गेलें तर ट्रॅक्टर जागच्या जागीं फिरतो, आणि मागची ट्रॉली त्यावर येते. जोडाची पिन झिजलेली नाहीं ना, तिला अडकवण आहे ना, हें प्रत्येक खेपेस पाहावें.

याहूनही वाईट गोष्ट दिव्यांची. अंधारांत बंद पडून रस्त्याच्या कडेला उभी असलेली, मागें दिवा नसलेली उंसाची ट्रॉली दुचाकीवरून येणाऱ्यास दिसतच नाहीं. उंसाच्या काळपट मोळ्या आणि रात्र यांत भेद उरत नाहीं. मागें लाल, बाजूंस पिवळी व पुढें पांढरी अशी चमकणारी पट्टी लावण्याची रीत आहे. तिला वीज लागत नाहीं; मागून येणाऱ्याच्याच दिव्यानें ती उजळते. तथापि पट्टी लावूनही काम होत नाहीं, असें पुष्कळदां दिसतें. याचें कारण असें कीं, मोळ्यांचे वाढे मागें लोंबतात व पट्टी आणि दिवा दोन्ही झांकून टाकतात, किंवा फडांतील चिखल त्यांवर बसतो. म्हणून भरणी झाल्यावर मागचे वाढे कापावे व पट्टी ओल्या फडक्यानें पुसावी. टोळीच्या मुकादमास हें काम नेमून दिल्यास तें दररोज घडेल.

घरच्या वापरावयाच्या मोटारीची गोष्ट निराळीच आहे. तिची नोंदणी १५ वर्षांची असते. त्या मुदतींत धुराच्या चांचणीखेरीज तिची कोणीही तपासणी करीत नाहीं. मुदत संपल्यावर मात्र गाडी दाखवून नोंदणी पुढें पांच-पांच वर्षें वाढवून घ्यावी लागते. विलायतेंत १९६० सालीं अशी तपासणी सुरू झाली ती प्रथम दहा वर्षांवरील गाड्यांसाठीं होती. तेथें नापास होणाऱ्या गाड्यांचें प्रमाण इतकें निघालें कीं पुढच्याच वर्षीं ती मर्यादा सात वर्षांवर व १९६७ पर्यंत तीन वर्षांवर आणावी लागली. आमच्या इकडे ही मर्यादा १५ वर्षें आहे, हें आम्हांस फार वाटतें. परंतु कायदा बदलेपर्यंत वाट पाहण्याचें कारण नाहीं. दर दिवाळीला, गाडी धुऊन पूजेस काढतांना, वरील यादी हातांत घेऊन अर्धा तास दिला तरी पुरे. एकानें आंत बसून ब्रेक, वळणाचे दिवे व हॉर्न दाबावा, दुसऱ्यानें मागें-पुढें उभें राहून पाहावें. रात्रीं भिंतीसमोर गाडी उभी करून दिव्यांचा झोत बघावा. खालचा झोत समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर जात असेल तर मिस्त्रीकडून तो खालीं करून घ्यावा. बाजारांतून आणून बसविलेले फार तेजाचे दिवे याच कारणास्तव काढून टाकावे.

गाडी पासिंगला नेतांना आणखी एक गोष्ट ध्यानांत असावी. निरीक्षक चासीवर कोरलेला क्रमांक कागदांशीं ताडून बघतो. तो चिखलानें व गंजानें बुजलेला असतो, आणि तेवढ्यासाठीं माणूस अर्धा दिवस उन्हांत खरडत बसतो. आदल्या दिवशीं तेवढी जागा तारेच्या ब्रशानें घांसून तेलाचा हात फिरवून ठेवावा.