रहस्य लिहिणाऱ्यांची बैठक

रहस्यकथा म्हणजे एका बैठकीत वाचायची, दुसऱ्या दिवशी वाचनालयात परत करायची आणि विसरून जायची वस्तू, ही समजूत आपल्याकडे चांगलीच मुरलेली आहे. त्यामुळे ती लिहिणारा माणूस कधी लिहायला बसतो, काय टिपून ठेवतो, काय खोडतो याची चौकशी फारशी कुणी करत नाही. कवीचे हस्तलिखित आपण जपतो, नाटकाच्या तालमींचे किस्से रंगवून सांगतो; खुनाचा उलगडा लिहिणाऱ्याच्या टेबलापर्यंत मात्र जात नाही. जायला हवे. कारण या लेखकाला वाचकाशी एक अवघड करार पाळावा लागतो : चकवायचे, पण खोटे बोलायचे नाही. प्रत्येकाने हा करार आपापल्या परीने पाळला आणि त्यातूनच त्याच्या कामाच्या सवयी घडल्या.

औषधांच्या कपाटाशेजारी

अगाथा ख्रिस्ती यांचा जन्म 1890 चा, इंग्लंडमधल्या टॉर्की गावचा. पहिल्या महायुद्धात त्या गावच्या इस्पितळात आधी शुश्रूषेचे आणि मग औषधे बनवून देण्याचे काम करू लागल्या. त्यासाठीची परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. औषधांच्या खोलीत काम कधी अंगावर कोसळे, तर कधी तासन्‌तास काहीच नसे. चारी बाजूंना विषाच्या बाटल्या असताना पहिली रहस्यकादंबरी सुचावी, तीत खून विषाने व्हावा, हे ओघानेच आले. ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ 1916 मध्ये लिहून झाली, काही प्रकाशकांनी परत पाठवली आणि 1920 मध्ये छापून आली. तिचा उलगडा औषधशास्त्रातल्या एका साध्या नियमावर उभा आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तो इथे फोडत नाही. पण औषधविक्रेत्यांच्या व्यावसायिक नियतकालिकाने त्या विषाच्या वर्णनातल्या अचूकतेची तारीफ केली, एवढे सांगितले पाहिजे.

पुढे जगभर नाव झाल्यावरही ख्रिस्तीबाईंना लिहिण्यासाठी स्वतंत्र खोली लागली नाही. एक घट्ट टेबल आणि टाइपरायटर पुरे. संगमरवरी माथ्याचे हात-तोंड धुण्याचे टेबलही त्यांना चाले. दोन जेवणांच्या मधल्या वेळात जेवणाचे टेबलही चाले. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात त्या ‘विवाहित स्त्री’ असे लिहीत. त्यांचे दुसरे पती मॅक्स मॅलोवन पुरातत्त्वज्ञ होते. इराकमध्ये निमरूदच्या उत्खननाच्या जागी बाईंसाठी मातीच्या विटांची एक छोटी खोली बांधली गेली. तिथे त्या लिहीत, आणि उत्खननात निघालेल्या हस्तिदंती वस्तू चेहऱ्याला लावायच्या क्रीमने हलक्या हाताने साफही करीत.

खरे काम चाले ते वह्यांमध्ये. त्यांच्या मृत्यूनंतर डेव्हनमधल्या ‘ग्रीनवे’ या घरात सत्तरच्या वर वह्या मिळाल्या. जॉन करन या अभ्यासकाने त्या लावून वाचल्या आणि 2009 मध्ये त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. या साध्या, शाळकरी वह्या आहेत. एका पानावर खुनाची कल्पना, तर कुठे घरच्या सामानाची यादी किंवा ब्रिजच्या डावाचे गुण. एकाच कादंबरीची टिपणे चार वह्यांत विखुरलेली आणि एका वहीत अनेक कादंबऱ्या. प्रसंगांना अ, ब, क अशी अक्षरे दिलेली, मग त्या अक्षरांचा क्रम बदलून पाहिलेला. काही कादंबऱ्यांच्या टिपणांत तर खुनी कोण हेच ठरलेले नाही. एकामागून एक नावे तपासून पाहिली आहेत. पुस्तकात इतका बांधेसूद दिसणारा उलगडा असा चाचपडत सापडला होता. प्रत्येक संशयितावर संशय घेता येतो का, हे आधी त्यांनी स्वतः करून पाहिले होते.

1926 साल त्यांना फार जड गेले. आई गेली, पहिल्या नवऱ्याने घटस्फोट मागितला, आणि डिसेंबरमध्ये त्या अकरा दिवस बेपत्ता होत्या. त्यानंतरची ‘द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन’ त्यांनी मनाविरुद्ध, केवळ गरजेपोटी लिहून पुरी केली. आपण हौशी लेखिकेच्या व्यावसायिक लेखिका झालो त्या तिथेच, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. मन नसताना, लिहिलेले आवडत नसतानाही बसावे लागते, हे त्या वळणावर त्यांना कळले. तो धडा पुढे पन्नास वर्षे पुरला.

पिवळे पाकीट

जॉर्ज सिमेनाँ यांची रीत याच्या अगदी उलट. बेल्जियममधल्या लिएज शहरात 1903 मध्ये जन्म, सोळा वर्षांचे होण्याआधीच स्थानिक वर्तमानपत्रात बातमीदारी, मग पॅरिस. तिथे टोपणनावांनी शेकडो स्वस्त गोष्टी आणि कादंबऱ्या. ‘ल मातँ’ दैनिकासाठी कथा निवडणाऱ्या लेखिका कोलेत यांनी त्यांना बजावले, फार साहित्यिक लिहिता, साहित्य काढून टाका. हा सल्ला त्यांनी जन्मभर पाळला. 1931 मध्ये इन्स्पेक्टर मेग्रे वाचकांसमोर आला आणि पुढे त्याच्या 75 कादंबऱ्या झाल्या.

सिमेनाँ कादंबरी कशी सुरू करत, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. आधी एक पिवळे पाकीट. टेलिफोन डिरेक्टऱ्या चाळून नावे काढायची, ती पाकिटावर लिहायची. मग प्रत्येकाचे वय, पत्ता, आईबाप, कधीकधी घराचा नकाशाही. कथानक लिहायचे नाही. शेवट तर नाहीच. डोक्यात एकच प्रश्न : हा माणूस असा आहे, आता त्याला त्याच्या मर्यादेच्या टोकापर्यंत जायला भाग पाडेल असे काय घडेल? त्याचे उत्तर म्हणजे पहिले प्रकरण. त्यानंतर रोज एक प्रकरण, मध्ये खंड नाही. दाराला ‘त्रास देऊ नका’ची हॉटेलातली पाटी, टेबलावर टोक काढून ठेवलेल्या पेन्सिली, भिंतीवर दिवस खोडायला कॅलेंडर. सुरुवात करण्याआधी डॉक्टरकडून तपासणी, कारण आठ-दहा दिवस दुसऱ्याच्या कातडीत राहण्याचा ताण शरीराला झेपला पाहिजे. मध्येच दोन दिवस आजारी पडले तर लिहिलेली प्रकरणे टाकून द्यायची आणि त्या कादंबरीकडे परत वळायचे नाही. लिहून झाले की तपासणीचे काही दिवस. त्यात विशेषणे, क्रियाविशेषणे आणि केवळ परिणामासाठी आलेली वाक्ये काढून टाकायची.

इतक्या भराभर लिहिणारा लेखक उथळ असणार, असे आपण गृहीत धरतो. इथे वेग हाच खोलीचा मार्ग होता. शेवट लेखकालाही ठाऊक नसल्याने मेग्रे आणि सिमेनाँ दोघे बरोबरच माणूस उलगडत जातात. वाचकापासून राखून ठेवलेले असे लेखकाजवळ काही नसते. 1972 मध्ये त्यांनी नव्या कादंबरीसाठी असेच एक पाकीट तयार केले, आणि ताकद संपल्याचे जाणवल्यावर ती कादंबरी लिहिलीच नाही. पासपोर्टवरचा व्यवसायही बदलून घेतला : व्यवसाय नाही. पुढे 1989 मध्ये मृत्यू येईपर्यंत आठवणी सांगितल्या, पण कादंबरी नाही.

नोकरी, संसार आणि वेळापत्रक

या दोन टोकांच्या मध्ये बाकीचे कितीतरी. तेलकंपनीतली मोठी नोकरी गेल्यावर रेमंड चँडलर चाळिशी उलटून गेल्यावर रहस्यकथा लिहायला शिकले. ते पिवळ्या कागदाचे अर्धे ताव वापरत. तेवढ्या थोड्या ओळींतही काही जिवंत उतरले पाहिजे, ही अट. दिवसाचे चार तास लिहिण्यासाठी राखायचे. लिहायची सक्ती नाही, पण त्या वेळात दुसरे काहीही करायचे नाही.

पी. डी. जेम्स यांचे पती युद्धावरून मानसिक आजार घेऊन परतले. दोन मुली आणि घर त्यांच्यावर. इस्पितळाच्या प्रशासनात नोकरी करता करता, पहाटे कामावर जाण्याआधी त्या लिहीत. पहिली कादंबरी 1962 मध्ये आली तेव्हा त्या 42 वर्षांच्या होत्या. पुढे ब्रिटनच्या गृहखात्यात पोलीस आणि न्यायवैद्यक विभागांत त्यांनी काम केले. त्यांच्या कादंबऱ्यांतली नर्सिंग स्कूल आणि प्रयोगशाळा इतकी खरी वाटतात, त्यामागे ही वर्षे आहेत.

स्वीडनमध्ये माय शोवाल आणि पेर वालू या जोडप्याने मुले झोपल्यावर एकेक प्रकरण वाटून घेऊन लिहिले. दहा कादंबऱ्या, प्रत्येकीत तीस प्रकरणे, 1965 ते 1975. आकडा आधीच ठरलेला, कारण त्यांना दहा भागांत एका समाजाचा तपास लिहायचा होता. वालू 1975 मध्ये गेले, तोवर तो आराखडा पुरा झाला होता.

जपानचे सेइचो मात्सुमोतो जेमतेम प्राथमिक शिक्षण घेतलेले, वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागातले कर्मचारी. त्यांची ‘तेन तो सेन’ 1957 पासून एका प्रवासविषयक मासिकात क्रमशः आली. टोकियो स्टेशनवर एका फलाटावरून पलीकडचा फलाट गाड्यांच्या गर्दीमुळे तेव्हा दिवसभर दिसत नसे. संध्याकाळी फक्त चार मिनिटे दिसे. त्याच चार मिनिटांत कुणीतरी कुणालातरी पाहिले. कुणाच्याही हाती असलेल्या रेल्वेच्या वेळापत्रकातून मात्सुमोतोंनी रहस्य काढले. वाचकाने हवे तर स्वतः ताडून पाहावे, इतका उघडा पुरावा.

घोटे आणि अर्नाळकर

आपल्या मुलखाशी या आढाव्याचा थेट धागा आहे. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने 1964 मध्ये मुंबई पोलिसांतला इन्स्पेक्टर गणेश घोटे निर्माण केला तेव्हा त्यांनी भारत पाहिलेला नव्हता. नकाशे, पुस्तके, वर्तमानपत्रे यांच्या आधारे लंडनमध्ये बसून त्यांनी मुंबई उभी केली. प्रत्यक्ष इथे आले ते दहा वर्षांनी. एका हवालदिल, चिवट, प्रामाणिक मराठी पोलिसाची मालिका इंग्रजीत अशी गाजली.

आणि आपले बाबूराव अर्नाळकर? हजारावर पुस्तके त्यांच्या नावावर सांगितली जातात. झुंजार, काळापहाड, धनंजय यांनी मराठी माणसाला वाचनाची सवय लावली. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचा फिरोज इराणी यांच्यासाठी वाचनालयांत नंबर लागत. एवढे लिहायला किती वाजता बसत असतील, कथानके कुठे टिपत, एक पात्र शंभर पुस्तके जिवंत ठेवताना काय काय सांभाळत, हे प्रश्न आपण वेळेवर नीट विचारले नाहीत. ख्रिस्तीबाईंच्या वह्या राहिल्या कारण घरच्यांनी त्या टाकल्या नाहीत. सिमेनाँची पाकिटे राहिली कारण विद्यापीठाने ती मागून घेतली. जपणूक आपोआप होत नाही, ती कुणीतरी करावी लागते.

म्हणून एक मागणी. विद्यापीठांचे मराठी विभाग, साहित्य संस्था आणि जुनी वाचनालये यांनी या लेखकांची हस्तलिखिते, प्रकाशकांशी झालेला पत्रव्यवहार, मिळतील तेवढ्या पहिल्या आवृत्त्या गोळा कराव्यात. त्यांच्या घरच्यांशी, जुळारी-मुद्रकांशी, प्रकाशकांशी बोलून घ्यावे. त्यातले बरेचजण आता वृद्ध आहेत. ज्या लेखकांनी लाखो वाचकांशी केलेला करार रोज टेबलाशी बसून पाळला, त्यांच्या कामाची नोंद ठेवणे ही आपली बाजू आहे, आणि ती अजून पाळता येईल.