परवलीच्या शब्दाची परीक्षा

परवलीचा शब्द संगणकापेक्षा फार जुना आहे. रात्री छावणीच्या दाराशी पहारेकरी येणाऱ्यास हटकतो. ठरलेला शब्द उच्चारणारा आत जातो, चुकणारा बाहेर राहतो, आणि चुकणाऱ्यास दुसरी संधी बहुधा मिळत नाही. आज बँकेचे खाते, टपाल, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे व विजेचे देयक ही सर्व ज्या शब्दाच्या आड असतात, तो ‘पासवर्ड’ ह्याच कुळातला होय. मात्र एका बाबतीत तो जुन्या परवलीहून अगदी भिन्न आहे. येथे चोर पुष्कळदा दाराशी येतच नाही. तो पहारेकऱ्याची नोंदवहीच पळवितो आणि घरी बसून, कोणीही हटकत नसताना, सावकाशपणे शब्द ओळखीत राहतो. आपला शब्द मजबूत आहे किंवा नाही ह्याची परीक्षा करावयाची ती हा घरी बसलेला चोर डोळ्यांपुढे ठेवून.

नोंदवही उघडी पडण्याचा प्रकार नवा नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत १९६१ मध्ये फर्नांदो कॉर्बातो व त्यांचे सहकारी ह्यांनी एका संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था चालवून दाखविली. प्रत्येकाचे कागद निराळे राहावेत म्हणून प्रत्येकास एक परवलीचा शब्द देण्यात आला. पुढे १९६६ मध्ये त्या संगणकावर दोन फायलींची अदलाबदल झाली. रोज येणाऱ्यांस दाखवावयाच्या सूचनेच्या जागी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी जाऊन बसली, आणि जो जो संगणकाशी आला त्याला ती वाचावयास मिळाली. शब्द जसाच्या तसा लिहून ठेवणे धोक्याचे आहे, हे त्या दिवशी पुरते सिद्ध झाले.

ह्यावर जो उपाय निघाला तो मोठा चतुर आहे. संगणक शब्द साठवीत नाही, शब्दाचा ‘ठसा’ साठवितो. ह्या ठशाला तंत्रज्ञ ‘हॅश’ म्हणतात. एका ठरावीक गणिती क्रियेने शब्दापासून ठसा तत्काळ काढता येतो; परंतु ठशापासून शब्दाकडे परत जाण्याची वाट नसते. पिठापासून पुन्हा गहू मिळत नाही, तसेच हे. आपण शब्द टंकित केला की संगणक त्याचा ठसा काढतो आणि वहीतील ठशाशी ताडून पाहतो. वही चोरीस गेली तरी चोराच्या हाती पीठच येते. मग तो काय करतो? स्वतःच गहू दळू लागतो. एकेक संभाव्य शब्द घ्यावयाचा, त्याचा ठसा काढावयाचा, आणि चोरलेल्या वहीत तो कोठे जुळतो काय ते पाहावयाचे.

रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्पसन ह्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध ह्या विषयात आजही वाचण्यासारखा आहे. त्यांनी लोकांनी प्रत्यक्ष वापरलेले ३,२८९ शब्द तपासले. त्यांपैकी १५ शब्द केवळ एका अक्षराचे होते, ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे. ४९२ शब्द शब्दकोशांत किंवा नावांच्या याद्यांत सापडले. अशा प्रकारे एकूण २,८३१ शब्द, म्हणजे शेकडा ८६, सहज हाती लागण्याजोगे निघाले. त्याच निबंधात त्यांनी प्रत्येक शब्दास ठसा काढण्यापूर्वी एक यादृच्छिक भर घालण्याची रीत सांगितली. तिला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ मीठ. ‘लवण’ असे भारदस्त भाषांतर करण्याचा मोह होतो. पण चिमूटभर मीठ प्रत्येक घासाची चव बदलते तशी ही भर प्रत्येक ठसा बदलते, तेव्हा ‘मीठ’च बरे. ते घातल्यामुळे दोघांचा शब्द एक असला तरी त्यांचे ठसे भिन्न होतात, आणि चोरास प्रत्येकासाठी दळण निराळे दळावे लागते.

आता थोडे गणित करणे अवश्य आहे. त्याला भिण्याचे कारण नाही. रोमन लिपीतील २६ लहान अक्षरांतून, चिठ्ठ्या टाकून काढावे तसे, आठ अक्षरांचे शब्द बनविले तर ते सुमारे २१ हजार कोटी होतील. संख्या अफाट वाटते खरी. पण चित्रखेळांसाठी बनविलेले एखादे चांगले ग्राफिक्स कार्ड, ठसा काढण्याची क्रिया जलद प्रकारची असल्यास, सेकंदाला एक हजार कोटींहून अधिक अंदाज तपासू शकते. म्हणजे त्या अफाट संख्येचा निकाल एकवीस सेकंदांत लागतो. त्याच आठ जागी मोठी अक्षरे, अंक व विरामचिन्हे मिळून ९५ चिन्हे वापरली तर ही मुदत पावणेआठ दिवसांपर्यंत वाढते. उलट चिन्हांच्या भानगडीत न पडता केवळ लहान अक्षरेच ठेवली, पण ती आठाऐवजी बारा घेतली, तर ११० दिवस लागतात; सोळा घेतली तर सुमारे १ लाख ३८ हजार वर्षे. लांबीचे सामर्थ्य हे असे आहे, आणि चमत्कारिक चिन्हांचे सामर्थ्य त्यामानाने अल्प आहे.

ठसा काढण्याची क्रिया मुद्दाम मंद केली तर चोराचा वेग लक्षावधी पटींनी घटविता येतो. नील्स प्रोव्होस व डेव्हिड माझिएर ह्यांनी १९९९ मध्ये अशी एक रीत मांडली आणि तिचा प्रसारही बराच झाला. परंतु आपला शब्द सांभाळणारी कंपनी कोणती रीत वापरते हे आपणास दिसत नाही. किंबहुना कित्येकदा ती कोणतीच रीत वापरीत नाही. रॉक-यू नावाच्या अमेरिकन कंपनीच्या सुमारे ३ कोटी २० लाख ग्राहकांचे शब्द २००९ च्या डिसेंबरात चोरीस गेले, ते उघड्या अक्षरांत ठेवलेले होते. त्यांत २,९०,७३१ लोकांनी ‘१२३४५६’ हाच शब्द निवडला होता! म्हणून शहाण्याने सर्वांत वाईट परिस्थिती गृहीत धरून चालावे.

परंतु वरील सर्व हिशेब एका अटीवर अवलंबून आहे: शब्द खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडलेला असला पाहिजे. मनुष्याचे मन चिठ्ठ्या टाकीत नाही. ते मुलीचे नाव घेते, त्याचे पहिले अक्षर मोठे करते, पुढे जन्मवर्ष लिहिते आणि शेवटी एखादे चिन्ह चिकटविते. प्रचारातील नावे दहा हजार, वर्षे शंभर आणि चिन्हे दहा धरली तर असे शब्द एक कोटीच होतात, आणि वर सांगितलेल्या यंत्रास एक कोटी म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. असा शब्द नऊदहा अक्षरांचा असतो, त्यात मोठे अक्षर, अंक, चिन्ह सर्व काही असते, आणि पुष्कळ संकेतस्थळांवरील हिरवी पट्टी त्याला ‘उत्तम’ असा शेरा देते. ती पट्टी बहुधा अक्षरांचे प्रकार मोजते. चोर मोजतो तो अंदाजांचा क्रम.

आपल्या देशातील एक परिचित उदाहरण घेऊ. ई-आधारची प्रत उघडावयास नावाची पहिली चार अक्षरे मोठ्या रोमन लिपीत आणि त्यापुढे जन्मवर्ष लिहावे लागते. हा नियम जाहीर आहे. शब्द आठ चिन्हांचा खरा. पण ज्याला नाव ठाऊक आहे त्याला शंभराच्या आत प्रयत्न पुरतात. एका कागदावरील पातळ वेष्टण म्हणून त्याचा विचार करावा. खेद एवढाच, की हा नमुना पाहून अनेकजण आपल्या बँकेचा शब्दही त्याच साच्यात ओततात. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिला की परक्या चोरास तो ओळखता येणार नाही, ही समजूतही टिकत नाही. चोरांच्या याद्या माणसांनी प्रत्यक्ष वापरलेल्या शब्दांच्या असतात; त्यांत ‘कृष्ण’ आहे, ‘साईराम’ आहे, ‘इंडिया१२३’ तर आहेच.

अधिकृत मतही ह्या बाबतीत पालटले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेचा आधार घेऊन जगभर चिन्हांची सक्ती व ठरावीक मुदतीने शब्द बदलण्याची सक्ती रूढ झाली. त्याच संस्थेने २०१७ मध्ये दोन्ही सक्तींविरुद्ध सल्ला दिला, कारण सक्तीने लोक शब्द बदलतात ते शेवटच्या १ चा २ करून. नवा शब्द पूर्वी फुटलेल्यांच्या यादीत आहे काय हे पाहावे, असे तिने सांगितले. आणि २०२५ च्या आवृत्तीत, केवळ शब्दावरच विसंबावयाचे असल्यास तो किमान १५ चिन्हांचा असावा, असे ठरविले.

फुटलेल्यांच्या यादीत आपला शब्द आहे काय, हे पाहावयाचे तरी कसे? शब्द कोणा तिऱ्हाइतास सांगून विचारणे म्हणजे किल्ली हरवली नाही ना हे पाहण्यासाठी ती चौकात ठेवण्यासारखे आहे. म्हणून आपला खरा शब्द कोणत्याही अनोळखी ‘मजबुती-मापक’ पानावर लिहू नये. ह्या अडचणीतून २०१८ मध्ये एक सुरेख मार्ग काढण्यात आला. ट्रॉय हंट ह्या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ पासून चालविलेल्या सेवेत फुटलेल्या शब्दांचे ठसे ठेवलेले आहेत. प्रत्येक ठसा चाळीस चिन्हांचा, आणि चिन्हे सोळा प्रकारची. तपासणारा आपल्या यंत्रावरच आपल्या शब्दाचा ठसा काढतो आणि त्याची पहिली पाचच चिन्हे सेवेकडे पाठवितो. पाच चिन्हांनी १०,४८,५७६ खण होतात. सेवा त्या खणातील शेकडो ठसे सर्वच्या सर्व परत धाडते, आणि आपला ठसा त्यांत आहे की नाही हे तपासणाऱ्याचे यंत्र घरच्या घरी पाहते. खण कोणता हे सेवेला कळते, शब्द मात्र कळत नाही. प्रचलित ब्राउझरांतही साठविलेल्या शब्दांची अशी तपासणी करण्याची सोय आता असते. सहा महिन्यांतून एकदा ती अवश्य वापरावी. शब्द यादीत सापडला तर तो त्याच दिवशी टाकून द्यावा. सापडला नाही, तर एवढेच सिद्ध होते की तो अद्याप त्या यादीत नाही. तो मजबूत आहे असे त्यावरून म्हणता येत नाही.

मजबूत शब्द बनविण्याची मला सर्वांत पसंत पडलेली रीत फाशांची आहे. आर्नल्ड राइनहोल्ड ह्यांनी ती १९९५ मध्ये सुचविली. ७,७७६ साध्या शब्दांची क्रमवार यादी घ्यावयाची. पाच फाशांची दाने इतक्याच प्रकारे पडू शकतात. पाच फासे टाकावे, पडलेल्या दानाचा शब्द उचलावा, आणि असे सहा वेळा करावे. आपल्या यंत्रास असे सर्व सहा-शब्दी समूह तपासावयास सुमारे सात लक्ष वर्षे लागतील. पाच शब्दांना नव्वद वर्षे, चार शब्दांना चार दिवस. शब्द ओळखीचे असल्यामुळे आठवडाभराच्या सरावाने पाठ होतात. शब्दकोश मध्येच उघडून बोट ठेवण्याची युक्ती मात्र करू नये; हात नेहमी मधलीच पाने उघडतो.

अर्थात उत्तम शब्दही दोन ठिकाणी वापरला की दुबळा होतो. एखाद्या लहानशा दुकानाची वही फुटली, की त्यातील नाव व शब्द ह्यांची जोडी चोर टपालाच्या व बँकेच्या दारावर लावून पाहतो. टपाल हाती आले, की ‘शब्द विसरलो’ ह्या सोयीने बाकीची दारे तो आपणच उघडून घेतो. म्हणून ज्याला सर्व शब्द एकदम सुधारणे शक्य नाही त्याने आरंभ टपालापासून करावा, तेथे मोबाइलवरील दुसरी खूणही सुरू करावी, आणि मग बँकेकडे वळावे. उरलेले शब्द पासवर्ड-व्यवस्थापकात ठेवावेत. ते जमत नसेल तर घरातील वहीत लिहून कपाटात ठेवण्यास माझी हरकत नाही. समुद्रापलीकडील चोराचा हात त्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. एटीएम कार्डाचा चार अंकी क्रमांक मात्र वहीतही नको आणि कार्डाजवळ तर नकोच. त्याचे प्रकार अवघे दहा हजार आहेत. मोजक्या चुकांनंतर यंत्र कार्ड अडविते, एवढ्यावरच त्याचा सारा निभाव लागतो.