गावाची पाहणी : विचारण्याचे शास्त्र

शेतातील मातीचा नमुना घेताना एकाच कोपऱ्यातील मूठभर माती उचलून भागत नाही, हे आता बहुतेक शेतकऱ्यांस ठाऊक आहे. निरनिराळ्या ठिकाणची माती एकत्र मिसळावी, तरच परीक्षणाचा निष्कर्ष भरवशाचा ठरतो. गावाच्या सामाजिक पाहणीसही हाच न्याय लागू पडतो. पाहणी चुकली म्हणजे तीवर उभारलेली योजना चुकते, आणि ज्या कुटुंबाचे नाव यादीतून निसटले त्यास त्याचा भुर्दंड सोसावा लागतो.

डॉ. मान यांची दोन गावे

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. परंतु केवळ मातीच्या पृथक्करणाने शेतकऱ्याची स्थिती कळत नाही, हे जाणून त्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली व ती १९१७ साली प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१५ च्या सुमारास अवघ्या ७ एकरांवर आल्याचे त्यांना आढळले.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण भात सारखा शिजलेला असेल तरच. पिंपळे सौदागर हे गाव पुणे शहराच्या व खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या छायेत होते. तेथील मजुरीचा परिणाम गावावर झालेला होता. म्हणून डॉ. मान यांनी आपले सहकारी कानिटकर यांच्यासह शहरापासून दूर असलेले जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू गाव निवडले. ती दुसरी पाहणी १९२१ साली प्रसिद्ध झाली. आपलाच निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहणे, हा क्षेत्रपाहणीचा पहिला धडा होय.

शहराच्या छायेतील वस्ती

शहराची ही छाया आज ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर येथे अधिक दाट झालेली दिसते. येथे १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. या मोठ्या आकड्यात उत्तन, पाली, चौक येथील मच्छीमार आणि राई, मुर्धे येथील जुन्या वस्त्या सहज लपून जातात. सबंध शहराची सरासरी काढल्यास त्यांची स्थिती मुळीच उमगणार नाही. अशा वस्त्यांची स्वतंत्र यादी करून प्रत्येकीतून घरे निवडावीत.

प्रश्नाची भाषाही तितकीच महत्त्वाची आहे. उत्तनच्या कोळी कुटुंबात “मुख्य धंदा कोणता?” एवढेच विचारल्यास “मासेमारी” असे उत्तर येईल आणि होडीवर जाणारा पुरुषच तेवढा मोजला जाईल. बोंबील सुकविणारी व टोपली घेऊन बाजार गाठणारी स्त्री कागदावर निरुद्योगी ठरेल. १९७१ च्या जनगणनेत मुख्य कामावर भर दिल्याने असंख्य स्त्रियांचे काम नोंदीबाहेर राहिले. १९८१ मध्ये मुख्य व सीमांत असे कामगारांचे दोन वर्ग करण्यात आले. म्हणून “काल सकाळपासून रात्रीपर्यंत घरात कोणी काय केले?” असे विचारावे.

कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. घरांची पूर्ण यादी करूनच निवड करावी. उदाहरणार्थ, दर पाचवे घर. रस्त्याकडेची व ओळखीची घरे तेवढी घेऊ नयेत.

२. हंगाम पाहावा. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि मीठ पावसाळा सरल्यावर पिकते. एकाच भेटीवरून वर्षाचे उत्पन्न ठरवू नये.

३. माप लोकांच्या तोंडचे घ्यावे. टोपली, मण, खंडी जे सांगितले जाईल ते तसेच लिहावे. त्याचे किलो मागाहून करावेत.

४. पाहणीचा हेतू आधी सांगावा व संमती घ्यावी. कर्जाविषयी चारचौघांत विचारू नये. घरातील माहिती बाहेर बोलू नये.

५. न मिळालेले उत्तर अंदाजाने भरू नये. रिकामा रकाना चुकीच्या आकड्यापेक्षा बरा.

काम संपल्यावर काढलेले निष्कर्ष वस्तीतील लोकांस वाचून दाखवावेत. मात्र त्यात कोणा एका घराचा उल्लेख नसावा. “हे असे नाही” म्हणणारा माणूस पाहणीचा शत्रू नव्हे. राहिलेली चूक त्याच्यामुळेच सापडते, आणि ती योजना आखण्यापूर्वी सापडणे सर्वांच्या हिताचे असते.